झोका लहान असो की मोठा

स्प्रिंगला एक वजन टांगावे, दोन बोटे खाली ओढून सोडावे आणि खाली-वर अशी एक फेरी पुरी व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग तेच वजन चार बोटे ओढून सोडावे. दुसऱ्या खेपेला वजनाला दुप्पट अंतर कापायचे असते, तरी वेळ तेवढाच लागतो. या हालचालीला भौतिकशास्त्रात सरल हरात्मक गती म्हणतात. अकरावी-बारावीच्या वर्गांत एक समीकरण, दोन-तीन आलेख आणि परीक्षेला येणारी ठरावीक गणिते एवढ्यावर तिची बोळवण होते, याचे मला वाईट वाटते. झोका किती मोठा आहे याची फेरीच्या वेळेला पर्वा नसावी, ही निसर्गातली लहानसहान गोष्ट नव्हे. घड्याळे, पूल, भूकंपमापक, रेणूंचे वर्णपट, गुरुत्वीय लहरी टिपणारी यंत्रे या सगळ्यांच्या मुळाशी ती आहे. आणि जिथे हा नियम मोडतो, तिथेही पदार्थविज्ञानाच्या हाती काही मोलाचे लागले आहे.

सुरुवात लंडनच्या रॉबर्ट हूकपासून करावी लागते. १६७६ मध्ये त्याने एका पुस्तकाच्या शेवटी काही लॅटिन अक्षरे वर्णक्रमाने लावून छापली. शोध आपल्या नावावर नोंदला जावा पण इतरांना कळू नये, म्हणून त्या काळी अशी कोडी घालण्याची रीत होती. १६७८ मध्ये त्याने कोडे उलगडले: स्प्रिंग जितकी ताणावी, त्याच प्रमाणात ती मागे ओढते. गुंडाळलेली तार, घड्याळातली स्प्रिंग, उंचावरून सोडलेली लांब सरळ तार, वाळक्या लाकडाची पट्टी अशा निरनिराळ्या वस्तूंवर त्याने हे तपासले होते. प्रयोगशाळेतला ताणकाटा याच नियमावर चालतो, म्हणून त्याच्या पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात. पण हूकची नजर वजन करण्यापलीकडे गेली होती. बल ताणाच्या प्रमाणात असेल तर स्प्रिंगची सगळी कंपने सारख्याच वेळाची असतील, हेही त्याने त्याच पुस्तकात मांडले.

ते का, हे समजायला कलनशास्त्राची गरज नाही. दोन सारख्या स्प्रिंगा आणि दोन सारखी वजने घेऊ. एक वजन दोन सेंटिमीटर ओढले, दुसरे चार, आणि दोन्ही एकदम सोडली. दुसऱ्यावर बल दुप्पट, म्हणून त्वरणही दुप्पट. पहिल्या इवल्याशा क्षणात दुसऱ्याने दुप्पट अंतर कापले, दुप्पट वेग मिळवला. तरीही मध्यापासूनचे त्याचे अंतर पहिल्याच्या बरोबर दुप्पटच उरले, म्हणून पुढच्या क्षणीही बल दुप्पट. असे क्षणाक्षणाला चालत राहते आणि दोन्ही वजने मध्यबिंदूवर एकाच वेळी पोचतात. वर्गात समीकरणाच्या आधी हा युक्तिवाद सांगावा असे मला फार वाटते, कारण नियम केव्हा मोडेल हेही तोच सांगतो. मागे ओढणारे बल अंतराच्या प्रमाणापेक्षा कमी वाढत असेल तर मोठा झोका मागे पडेल. जास्त वाढत असेल तर तो पुढे निघेल. लंबकाचे पहिल्या प्रकारात मोडते. गॅलिलिओला लंबकाचे सगळे झोके सारख्या वेळाचे वाटले होते. प्रत्यक्षात उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत झुलणाऱ्या लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, अगदी लहान झोक्याच्या मानाने सुमारे १.७ टक्के जास्त भरतो. घड्याळात ही चूक दिवसाला चोवीस मिनिटांच्या आसपास जाईल. झोका ९० अंशांचा असेल तर फरक १८ टक्क्यांवर पोचतो.

स्प्रिंगच्या दोलनकालाचे सूत्र आखूड आहे. वस्तुमानाला स्प्रिंगच्या ताठरतेने भागावे, वर्गमूळ काढावे आणि दोन पायने गुणावे. ताठरता म्हणजे स्प्रिंग एक मीटर ताणायला किती न्यूटन बल लागेल तो आकडा. हे ‘पाय’ कुठून आले, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा, कारण इथे वर्तुळ कुठेच दिसत नाही. वर्तुळावर एकसारख्या वेगाने फिरणारी वस्तू कडेने पाहिली की ती मागेपुढे झुलताना दिसते आणि ते झुलणे नेमके हरात्मक असते. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चंद्र दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याला हेच दिसले: गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत ये-जा करणारे ठिपके. त्यांतला सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो. तिथे स्प्रिंग नाही, पण आलेख तोच.

सूत्रात काय नाही, हे जास्त बोलके आहे. त्यात आयाम, म्हणजे झोका किती मोठा ते, नाही, आणि गुरुत्वाकर्षणही नाही. उभ्या टांगलेल्या स्प्रिंगवर पृथ्वीची ओढ असतेच, पण ती फक्त मध्यबिंदू खाली सरकवते. त्या नव्या मध्याभोवतीचा झोका तेवढाच वेळ घेतो. म्हणून लंबक जिथे निरुपयोगी ठरतो तिथे स्प्रिंग चालते. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकात अंतराळवीरांचे वस्तुमान असेच मोजले गेले. भारहीन अवस्थेत काट्यावर उभे राहून काहीच कळत नाही. म्हणून विल्यम थॉर्नटन या डॉक्टर-अंतराळवीराने स्प्रिंगवर झुलणारी खुर्ची तयार केली. अंतराळवीराने तिच्यात अंग आवळून बसायचे, खुर्ची सोडायची आणि दोलनकालावरून वस्तुमान काढायचे. महिनोन्महिने वर राहणाऱ्या माणसांचे शरीर किती झिजते, हे या झोक्यांनी सांगितले. पृथ्वीवर वजन आणि वस्तुमान यांतला फरक शब्दांत समजावून सांगताना शिक्षकाची दमछाक होते. ही खुर्ची तो फरक प्रत्यक्ष दाखवते.

गुरुत्वाकर्षण सूत्रात नसले तरी आपल्याला एक सोय करून देते. वजन टांगल्यावर स्प्रिंग किती ताणली गेली एवढे मोजले, तर वस्तुमान आणि ताठरता यांपैकी काहीच माहीत नसताना दोलनकाल सांगता येतो. तो त्या ताणाएवढ्या लांबीच्या लंबकाच्या लहान झोक्याइतका असतो. छताच्या कडीला स्प्रिंग लावून तिला तान्ह्या बाळाची झोळी टांगतात, ती पाहा. बाळ ठेवल्यावर स्प्रिंग २५ सेंटिमीटर ताणली गेली तर खाली-वर एक हेलकावा जवळजवळ बरोबर एका सेकंदाचा. बाळ आणि झोळी मिळून ६ किलो असतील तर अशा स्प्रिंगची ताठरता मीटरला २३५ न्यूटनच्या आसपास येते. हे दोन आकडे, २५ सेंटिमीटर आणि २३५ न्यूटन, ध्यानात ठेवावेत. पुढे दोन्ही कामी येणार आहेत.

आता बारावीच्या प्रयोगवहीकडे. विद्यार्थी निरनिराळी वजने टांगून दोलनकाल मोजतात आणि दोलनकालाचा वर्ग विरुद्ध वस्तुमान असा आलेख काढतात. रेषा सरळ येते, पण शून्यातून जात नाही. बरेच जण ती ओढूनताणून शून्यातून नेतात किंवा ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून सोडून देतात. ती त्रुटी नाही. स्प्रिंगलाही वस्तुमान असते आणि तीही हलते: वरचे टोक स्थिर, खालचे टोक वजनाच्या वेगाने, मधले वेटोळे त्यामधल्या वेगांनी. तिच्या गतिज ऊर्जेची बेरीज केली तर स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग टांगलेल्या वजनात मिळवावा लागतो. लॉर्ड रॅली यांनी अशाच ऊर्जेच्या हिशेबाने कितीतरी कंपनांचे दोलनकाल काढून दाखवले. ध्वनीवरील त्यांचा ग्रंथ १८७७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. शून्यातून न जाणारी रेषा स्प्रिंग न तोलता तिचे वस्तुमान सांगते. शाळा-महाविद्यालयांत होणाऱ्या प्रयोगांत इतके देखणे दुसरे काही मला आठवत नाही.

आयामाची पर्वा नसण्याचा पहिला मोठा लाभ घड्याळाला झाला. क्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ बनवले, पण हलत्या जहाजावर लंबक बिनकामाचा. १६७५ मध्ये त्याने सर्पिल स्प्रिंगला जोडलेल्या चक्राची रचना जाहीर केली आणि पॅरिसच्या इसाक त्युरे या घड्याळजीने तसे घड्याळ तयार केले. हूक संतापला. ही कल्पना आपली असून रॉयल सोसायटीच्या सचिवाने ती फोडली, असा आरोप त्याने केला आणि त्याच वर्षी टॉमस टॉम्पियन या कारागिराकडून राजा दुसरा चार्ल्स याच्यासाठी घड्याळ करून घेतले. माझ्या दृष्टीने नियम हूकचा आणि चालते घड्याळ हायगेन्सचे, असा न्याय दोघांनाही लागू पडतो. पुढे जॉन हॅरिसनचे चौथे सागरी घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर निघाले. त्याचे चक्र सेकंदाला पाच ठोके देत होते आणि ८१ दिवसांनंतर, आधी ठरवून दिलेली दैनंदिन तफावत वजा केल्यावर, चूक अवघ्या पाच सेकंदांची भरली. जहाजाचे रेखांश ठरवण्याचा प्रश्न त्याने सुटला.

आयाम जिंकला तरी तापमान छळत होते. पोलाद तापले की त्याची ताठरता घटते, आणि साधी पोलादी स्प्रिंग असलेले घड्याळ एका सेल्सिअस अंशामागे दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शार्ल एदुआर गियोमने तापमानाने जवळजवळ न प्रसरणारा इन्व्हार आणि ताठरता न बदलणारा एलिन्व्हार असे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले. त्यासाठी १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले. सापेक्षता आणि पुंजवादाच्या भरातल्या त्या काळात हे पारितोषिक काहींना किरकोळ वाटले असेल. मला ते अगदी योग्य वाटते.

आतापर्यंतची स्प्रिंग कधीच थकत नव्हती. खरी स्प्रिंग थकते. हवेच्या आणि धातूच्या आतल्या घर्षणाने ऊर्जा झिरपते, आयाम कमी होत जातो. पण ऊर्जा कमी झाली तरी वेळ तोच राहतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर आवाज विरत जातो, सूर मात्र उतरत नाही. दोलनकाल आयामावर अवलंबून असता तर प्रत्येक सूर विरताना घसरला असता, आणि आज आपण ज्याला संगीत म्हणतो ते शक्य झाले नसते. ऊर्जेची ही झीज, म्हणजे अवमंदन, वाढवत नेली तर एक मर्यादा येते, जिथे वस्तू एकही हेलकावा न घेता लवकरात लवकर जागेवर येते. आपोआप बंद होणारे दार त्या मर्यादेच्या जवळपास ठेवतात. मोटारीची स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडीही याच हिशेबाने बसवतात. गाडीच्या सांगाड्याचे स्वतःचे दोलन सेकंदाला साधारण एक ते दीड ठेवले जाते, कारण सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातली उभी कंपने माणसाच्या शरीराला सर्वाधिक त्रास देतात.

बाहेरून कोणी लयीत धक्के देऊ लागले की प्रश्न गंभीर होतो. धक्क्यांची लय स्प्रिंगच्या स्वतःच्या लयीपेक्षा बरीच संथ असेल तर वजन निमूटपणे सोबत हलते. बरीच जलद असेल तर वजन जवळजवळ जागचे हलत नाही. दोन्ही लयी जुळल्या तर प्रत्येक धक्का नेमक्या वेळी बसतो आणि आयाम वाढत जातो. तो कुठे थांबेल हे फक्त अवमंदन ठरवते. हे अनुस्पंदन. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून सैनिक पावले जुळवून चालले आणि पूल कोसळला. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालण्याचा दंडक आला. मात्र अनुस्पंदनाचे उदाहरण म्हणून पुस्तकांत हमखास येणारा अमेरिकेतला टॅकोमा पूल इथे बसत नाही. ७ नोव्हेंबर १९४० रोजी तिथला वारा लयीत धक्के देत नव्हता, तो एकसारखा वाहत होता. पुलाच्या पिळवटण्यानेच वाऱ्याचा प्रवाह असा बदलत गेला की प्रत्येक हेलकाव्यात पुलाला ऊर्जा मिळत राहिली. अवमंदन जणू उलटे झाले. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये हे सविस्तर दाखवले, तरी जुने स्पष्टीकरण अजून पाठ्यपुस्तकांतून हललेले नाही. ते हलायला हवे. लंडनच्या मिलेनियम पुलाचे प्रकरण आणखी वेगळे. १० जून २००० रोजी तो खुला झाला आणि गर्दीखाली आडवा डुलू लागला. डुलणाऱ्या पुलावर तोल सावरताना माणसे नकळत त्याच्याच लयीत पावले टाकू लागली आणि डुलणे वाढले. पूल बंद करावा लागला आणि अवमंदक बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला.

भूकंपाच्या अभ्यासात स्प्रिंग आणि वजन ही जोडी सर्वांत जास्त राबते, आणि महाराष्ट्राला ते जवळून पाहावे लागले आहे. इमारत म्हणजे पहिल्या अंदाजाने मजल्यांचे वस्तुमान आणि खांबांची ताठरता. ढोबळ मानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद धरला तर दहा मजल्यांच्या इमारतीचा दोलनकाल एका सेकंदाच्या आसपास येतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत याची भयंकर प्रचिती आली. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला, आणि तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोलला. ठेंगण्या घरांपैकी बरीच वाचली, सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती मोठ्या संख्येने पडल्या. त्यांचा मूळ दोलनकाल दोन सेकंदांपेक्षा कमी होता. पण तडे गेले की ताठरता घटते, दोलनकाल वाढतो, आणि जखमी इमारत आपणहून गाळाच्या लयीकडे सरकते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६ पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला वरच्या भागात, जिथे त्याचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. धरणातच बसवलेल्या त्वरणमापकाने धक्क्यांची नोंद टिपली. इतक्या जोरदार हादऱ्यात सापडलेल्या काँक्रीटच्या धरणाची आणि त्याच जागच्या नोंदीची अशी जोडी दुर्मीळ. म्हणून धरणांच्या भूकंपरोधाचे संगणकी प्रारूप तपासायचे असले की जगभरचे अभियंते आजही कोयनेची नोंद वापरतात. अशा नोंदीवरून जो प्रतिसाद-आलेख काढतात, त्याची कल्पना मॉरिस बिओ याने १९३० च्या दशकात मांडली. निरनिराळ्या दोलनकालांच्या शेकडो काल्पनिक स्प्रिंग-वजनाच्या जोड्या त्या नोंदीने हलवायच्या आणि प्रत्येकीचा कमाल प्रतिसाद आलेखावर मांडायचा. भारताच्या भूकंपविषयक मानकातला, म्हणजे आयएस १८९३ मधला आलेख याच जातीचा आहे. कोयनेनंतर त्या भागाचे भूकंपक्षेत्र वरच्या श्रेणीत गेले.

किल्लारीचा धडा वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमाभागात हजारो माणसे गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम होता. घरे मात्र माळवदाची होती: माती-दगडाच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जड थर. अशा घरात वस्तुमान भरपूर, पण मागे खेचून जागेवर आणणारे काही नाही. मातीत रचलेले दगड एकदा सरकले की परत येत नाहीत. स्प्रिंगचा गुण नसलेल्या रचनेला दोलनकाल असा नसतोच, तिला फक्त पडणे माहीत असते. म्हणून अशा घरांना कोपऱ्यांत आणि माथ्यावर बांधून ठेवणारे पट्टे घालणे महत्त्वाचे. भिंतीला थोडे तरी परतण्याचे बळ त्यातून मिळते.

स्प्रिंगचा नियम इतक्या ठिकाणी का भेटतो? निसर्गात स्प्रिंगा भरल्या आहेत म्हणून नव्हे. कोणतीही वस्तू स्थिर समतोलात असेल तर तिची ऊर्जा त्या जागी सर्वांत कमी असते. ऊर्जेचा आलेख तिथे खोलगट, आणि बहुतेक कोणताही गुळगुळीत खोलगट आलेख तळाजवळून पाहिला तर परवलयासारखाच असतो. परवलय म्हणजेच हूकचा नियम. थोडे हलवा, आणि हरात्मक गती हजर. रेणूही याला अपवाद नाहीत. हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूतला बंध सेकंदाला सुमारे ८६ लाख कोटी वेळा कंप पावतो. एवढ्या वेगामुळे बंध अतिशय ताठर असेल असे वाटते, पण हिशेब केला तर त्याची ताठरता मीटरला ५०० न्यूटनच्या जवळपास निघते. झोळीच्या स्प्रिंगच्या दुपटीहून थोडी जास्त, एवढीच. सारा वेग हायड्रोजनच्या नगण्य वस्तुमानातून येतो. साध्या हायड्रोजनऐवजी दुप्पट जड ड्यूटेरियम घातला की कंपने जवळजवळ दोनाच्या वर्गमूळाने मंदावतात, सूत्राने सांगितल्याप्रमाणे. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी लावलेला शोध या कंपनांची ओळख प्रकाशातून पटवतो. रेणूवर आदळलेला प्रकाश विखुरताना त्याच्या स्प्रिंगच्या लयीएवढी वारंवारिता देऊन किंवा घेऊन जातो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकून कंप पावतो ती लय १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांशी जुळते. पृथ्वी नेमकी या पट्ट्यात भरपूर उष्णता बाहेर टाकते. हवामानबदलाची चर्चा करताना या एका अनुस्पंदनाचा उल्लेख व्हायला हवा.

अणूंच्या पातळीवर आयामाची बेपर्वाई निराळ्या रूपात दिसते. पुंजयामिकीत ऊर्जा पायऱ्यांनी वाढते, आणि आदर्श हरात्मक दोलकाच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात. हीच ती जुनी समकालिकता. झोका मोठा झाला तरी लय बदलत नाही, म्हणून पायरीही बदलत नाही. आइन्स्टाइनने १९०७ मध्ये घन पदार्थातल्या अणूंना असे दोलक मानून थंडीत त्यांची उष्णता साठवण्याची क्षमता का घटते ते उलगडले. खऱ्या रेणूत मात्र पायऱ्या हळूहळू ठेंगण्या होतात. हायड्रोजन क्लोराइडच्या वर्णपटातली पहिली रेषा तरंगांकाच्या मापात सेंटिमीटरला २८८६ वर सापडते. बंध आदर्श असता तर पुढची बरोबर दुपटीवर, ५७७२ वर हवी होती. ती ५६६८ वर मिळते. बंध जास्त ताणला की सैल पडतो, आणि अखेर तुटतो. रसायनशास्त्र याच सैलपणावर उभे आहे, कारण हूकचा नियम तंतोतंत पाळणारा बंध कधी तुटलाच नसता. तापल्यावर धातूने फुगणेही यातलेच. अणूंमधल्या स्प्रिंगा आदर्श असत्या तर अणू जास्त झुलले असते, पण त्यांची सरासरी अंतरे बदलली नसती आणि उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ लांबले नसते.

नियमापासून थोडेसेच ढळले तर काय होते, हे पाहणारा एक प्रयोग अमेरिकेत लॉस अलामॉसला १९५३ च्या सुमारास झाला. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता, स्टॅनिस्लॉ उलाम आणि प्रणाली लिहिणाऱ्या मेरी त्सिंगू यांनी मॅनिअ‍ॅक या संगणकावर स्प्रिंगांनी जोडलेल्या काही डझन वजनांची साखळी हलवली. स्प्रिंगांच्या बलात प्रमाणाबाहेरचा किंचित अंश मुद्दाम मिसळला होता. एका लयीत घातलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या लयींत वाटली जाईल, अशी अपेक्षा होती. ती काही लयींत फिरली आणि बऱ्याच काळाने जवळजवळ सगळी मूळ लयीत परतली. १९५५ च्या अहवालात याचे कारण नव्हते. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी त्याचा संबंध आकार न मोडता प्रवास करणाऱ्या एकल लहरींशी जोडला आणि अरेषीय गतिशास्त्राला नवी दिशा मिळाली. त्सिंगू यांचे नाव या प्रयोगाला बरीच वर्षे जोडले जात नव्हते. आता ते घेतले जाते, आणि घेतलेच पाहिजे.

अनुस्पंदनाच्या वरची बाजू, जिथे जलद धक्क्यांपुढे वजन जागचे हलत नाही, ती मोजमापाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी. जमीन हलते, टांगलेले वजन स्थिर राहते आणि दोघांतले अंतर नोंदले की भूकंपमापक तयार. पण त्यासाठी वजनाचा दोलनकाल भूकंपलहरीपेक्षा मोठा हवा. इथे झोळीचे २५ सेंटिमीटर आडवे येतात. एका सेकंदाला २५ सेंटिमीटर ताण, तर दहा सेकंदांना त्याच्या शंभरपट: २५ मीटर ताणलेली स्प्रिंग! ती कोणत्या खोलीत टांगणार? १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सास विद्यापीठात आर्नोल्ड रॉम्बर्ग यांनी हा पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि ल्यूशियन लाकोस्टने तो सोडवला. त्याने स्प्रिंग अशी गुंडाळली की तिचे बल ताणाऐवजी तिच्या एकूण लांबीच्या प्रमाणात असावे. ती तिरकी बसवली की आडव्या दांड्यावरचे वजन जवळपास प्रत्येक कोनात तोलले जाते आणि दोलनकाल हवा तितका वाढवता येतो. याच युक्तीवरचे गुरुत्वमापक पुढे खनिज आणि तेलाच्या शोधासाठी जगभर फिरले.

त्याच तत्त्वाचे आजचे टोक म्हणजे लायगो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपणाऱ्या या यंत्राचे ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांत टांगलेले आहेत, आणि उभ्या कंपनांसाठी पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा आहेत. स्वतःच्या लयीपेक्षा दहापट जलद धक्का एका टप्प्यात शंभराने कमी होतो. आदर्श हिशेबाने चार टप्प्यांत तो दहा कोटींनी घटतो. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभे राहायचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली, आणि पुण्याची आयुका ही त्यातली एक प्रमुख संस्था आहे. शांत जमीन हा जागा निवडण्याचा एक महत्त्वाचा निकष होता. तरी दूरच्या समुद्राच्या लाटा आणि रस्त्यावरचे ट्रक यांची थरथर उरतेच, आणि ती अडवायचे काम या टांगलेल्या वजनांचे.

२०२१ मध्ये लायगोच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक पाऊल टाकले. यंत्रातल्या चार आरशांची एकत्रित हालचाल, जी १० किलोच्या एका दोलकासारखी धरता येते, त्यांनी ७७ नॅनोकेल्विनइतकी थंड केली. आरशांना मागे ओढणारी स्प्रिंग इथे धातूची नव्हती. आरसा किती सरकला ते लेसरने मोजायचे आणि त्याच प्रमाणात त्याला विद्युत्-बलाने मागे रेटायचे, अशा यंत्रणेने ती निर्माण केली होती. खोलीच्या तापमानाला त्या हालचालीत ऊर्जेचे सुमारे दहा लाख कोटी पुंज असतात. या प्रयोगात सरासरी अकराच्या आसपास उरले. इतक्या जड वस्तूची गती पुंजयामिकीच्या तळाच्या पायरीपर्यंत नेता आली तर गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी यांचा एकमेकांशी संबंध प्रयोगाने तपासण्याचा मार्ग खुला होतो, आणि सध्या अनेक गट त्याच मागे आहेत.